झुकलेली मान

तपासणीच्या खोलीत बारा महिने वीस अंश तापमान असतं. बाहेर सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत जानेवारीची थंडी असो की पत्रे तापवणारं मे महिन्याचं ऊन, खोलीतल्या ग्रॅनाइटच्या टेबलाला त्याची खबर नसते. लोखंड तापलं की वाढतं, निवलं की आकसतं, आणि अशा लोखंडाचं माप खोटं निघतं; म्हणून माप घेण्याआधी प्रत्येक भाग इथे आणून काही तास नुसता ठेवायचा, बाहेरचा ऋतू तो विसरेपर्यंत. बावीस वर्षं शेखर या खोलीत बसत होता आणि कधी कधी त्याला वाटायचं, आपणही रोज सकाळी असेच निवत ठेवले जातो. गुरुवारी अकराच्या सुमारास टेबलावर उपडा ठेवलेला त्याचा फोन थरथरला आणि गुळगुळीत दगडावरून इंचभर पुढे सरकला. एवढंच झालं. पण तो कुणाचा असणार हे शेखरला कळलं. फोन उचलण्याच्या आधीच, नाव वाचण्याच्याही आधी.

"साहेब, गोटीराम बोलतो. आवळीपाड्यावरनं."

"हां, बोल."

"दुसरा बी गेला बघा."

"दुसरा कोण?"

"मंगळूचा बैल हो. शनिवारी गिधाडांना टाकला ना आपण, त्याचा जोडीदार. काल सांजचा बसला तो उठलाच नाय." वाऱ्याचा फरफर आवाज आला. गोटीराम टेकडी चढून वर, रेंजच्या दगडापाशी आला असणार. त्याच्या श्वासात चढण ऐकू येत होती. "म्हून विचारतो, पहिल्याचं डॉक्टरबाईंनी काय सांगितलं? कानातला बिल्ला तुमच्याकडं हाय ना. दोघांना एकच सुई होती साहेब. पहिल्याचं चाललं आसंल तर ह्याचंबी चालंल. उद्या उजाडताना टाकू. लय गिधाडं हायत आत्ता, तुमचं काम होईल."

शेखरने समोर पाहिलं. काचेच्या कपाटात मोजमापाची हत्यारं मखमलीत झोपवलेली होती. फोनवरचा आवाज त्या हत्यारांइतकाच स्वच्छ होता.

"गोटीराम, आवाज तुटतोय," तो म्हणाला.

"आं?"

"तुटतोय आवाज. हॅलो? हॅलो..." आणि त्याने फोन बंद केला.

नंतर बराच वेळ तो अंगठ्याकडे पाहत राहिला. अंगठ्याने ते काम इतक्या सराईतपणे केलं होतं, की हे त्याने पूर्वीही अनेकदा केलं असावं असा संशय यावा. आपण खोटं का बोललो, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला विचारला नाही. त्याऐवजी दुसराच प्रश्न पुढे आला आणि तो त्याने जवळजवळ कृतज्ञतेने धरला: 'तुमचं काम होईल' असं गोटीराम का म्हणाला? एका आठवड्यात एकाच गोठ्यातले दोन बैल. पहिला नेमका शनिवारी, शेखरची सुट्टी असताना. डिसेंबरात तो गोटीरामच्या अंगणात बसून कोरा चहा पीत होता तेव्हा सहज, अगदी सहज म्हणाला होता, एखादं जनावर गेलं की मला आधी कळव, बाकीच्यांना नको. गोटीरामची बायको चंद्रभागा दारात नागली पाखडत होती. सूप न थांबवता ती म्हणाली होती, "आमच्या गोठ्याकडं बघून बोलू नका हो साहेब. तुम्ही आन् तुमची गिधाडं, दोघं एकाच दिवशी येता." सगळे हसले होते, शेखर सर्वांत मोठ्याने. आता त्या हसण्यात त्याला वेगळंच काही ऐकू येऊ लागलं. त्यांनी ते वाक्य मागणी म्हणून तर घेतलं नसेल? शहरातला माणूस, कॅमेऱ्याची मोठी बॅग, दर खेपेला पाड्यावरच्या मुलांना बिस्किटं. त्याला मेलेलं जनावर हवं आहे. मग एखाद्या दुखऱ्या बैलाकडे पाहण्याची नजर बदलायला कितीसा वेळ लागतो? त्याने ही कल्पना दोन बोटांत धरून उजेडाकडे नेली, एखादा भाग तडा गेलाय का पाहावा तशी. तडा दिसत नव्हता. पण दिसत नाही म्हणून तो नसतोच असं नाही, हे शिकवण्याचाच तर त्याला पगार मिळत होता.

टेबलाच्या डाव्या बाजूला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेले सात भाग पडले होते. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे थांबवलेला. निर्णय व्हायचा आहे, तोवर कुणी हात लावायचा नाही. आणि ज्याला चिठ्ठीच नाही, तो भाग कितीही देखणा असला तरी सरळ भंगारात. कुठून आला, कोणत्या लोखंडाचा, कोणत्या भट्टीतला, हे ज्याला सांगता येत नाही त्याचं माप घेणंही व्यर्थ. नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी दम भरायचा: चिठ्ठी तोडली तर हात तोडीन. पोरं हसायची. बैलाच्या कानातला बिल्लाही पिवळाच होता.

शनिवारचा तो बैल चौघांनी लाकडी घसरगाडीवरून ओढत टेकडीवर आणला तेव्हा साडेचार वाजत आले होते. वर आकाशात पहिली दोन गिधाडं आधीच घिरट्या घालत होती. गवत वाळून सोनेरी झालेलं, मागे सह्याद्रीच्या निळ्या कडा एकामागे एक, आणि या सगळ्याच्या बरोबर मध्यभागी त्या मेलेल्या कानात तो प्लॅस्टिकचा चौकोन: बारा आकडे, झगझगीत पिवळा, नजर जिथे ठेवावी तिथून स्वतःकडे ओढून घेणारा. शेखरने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि त्याला शारीरिक म्हणावा असा त्रास झाला. अकरा वर्षं ज्या चित्राची वाट पाहिली त्या चित्राच्या काठावर सरकारी प्लॅस्टिक. पाड्याचा नियम साधा होता: जनावर आलं की बिल्ल्याचा नंबर वाचायचा, रेंजच्या दगडापाशी जाऊन तालुक्याच्या डॉक्टरबाईंना फोन करायचा, त्या मालकाला विचारून सांगणार की गेल्या पंधरा दिवसांत याला कोणतं औषध टोचलं होतं, त्यांनी 'टाका' म्हटलं की मगच कातडं फाडून जनावर उघडं करायचं. दुखण्यावरची एक सुई अशी आहे की ती बैलाला बरं वाटायला लावते, आणि बैल मेला तर त्याच्या मांसातून गिधाडाची मूत्रपिंडं बंद पाडते. पशुवैद्यकात तिला बंदी येऊन वीस वर्षं होत आली. पण ती माणसांसाठी मिळते, आणि रात्रभर कण्हणाऱ्या बैलाजवळ बसलेल्या माणसाला दुकानात जायला कुणी बंदी केलेली नसते. हे सगळं शेखरला पाठ होतं. शहरातल्या दोन शाळांत त्याने पडद्यावर चित्रं दाखवून हे सांगितलं होतं.

"फोन करून येतो," गोटीराम म्हणाला होता.

"किती वेळ लागेल?"

"दगडापर्यंत जायचं, यायचं. बाई फोन उचलतील, विचारून सांगतील तवा. तासभर."

तासाभराने उजेड कड्याआड गेला असता. "तू थांब," शेखर म्हणाला. "मी नंबर घेतो. सांगतो मी त्यांना." आणि खिशातली छोटी पक्कड काढून त्याने तो बिल्ला तोडला. कानात एक स्वच्छ, गोल भोक राहिलं. बिल्ला त्याने बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकला, डॉक्टरबाईंचा नंबर लिहिलेल्या चिठोऱ्याबरोबर, आणि चेन लावली. चेन लावल्याचा आवाज त्याला आता, वीस अंशांच्या या खोलीत, नेमका ऐकू आला. विसरलो, असं म्हणता आलं असतं. शनिवारी संध्याकाळी विसरलो. रविवारी त्या चित्राच्या आनंदात विसरलो. सोमवार, मंगळवार, बुधवार. पण विसरण्याला एक सपाटपणा असतो, आणि या पाच दिवसांत त्या कप्प्याकडे हात जाताना तो दर वेळी वळून दुसऱ्या कप्प्यात गेला होता. विसरलेल्या वस्तूला असा वळसा घालावा लागत नाही.

त्याने फोनवर ते चित्र उघडलं. रविवारी सकाळी सात वाजून अकरा मिनिटांनी घेतलेलं. शनिवारी पोटभर खाऊन थवा खालच्या कड्यावर रात्रीला बसला होता, आणि पहाटे लपणीच्या आडोशाच्या जाळीतून शेखरला दिसलं की एक गिधाड एकटंच जवळच्या खडकावर येऊन बसलंय. सूर्य त्याच्या मागे उगवला. मानेभोवतीच्या पिसांच्या वळ्यातून उजेड आरपार आला, आणि त्याच क्षणी त्या पक्ष्याने मान खाली घातली, हळूहळू, छातीपर्यंत, जणू समोर कुणीतरी उभं आहे आणि त्याला हे सगळं, आकाश, भूक, उंची, परत करायचं आहे. अकरा वर्षांपूर्वी अंजनेरीच्या कड्यावर क्षणभर दिसून गेलेली आणि तेव्हापासून झोपेतही न सुटलेली ती रेषा: नम्र गिधाड. ज्याचं नाव लोक शिवीसारखं वापरतात त्याच्या मानेत इतकी शालीनता. शेखरला तेव्हा रडू आलं होतं, आणि रडताना त्याचं बोट थांबलं नव्हतं. घरी आल्यावर त्याने चित्राला 'प्रार्थना' हे नाव दिलं, मोठा प्रिंट काढून आणला, आणि योगिनीला हॉलमध्ये डोळे मिटायला लावून तो समोर धरला. तिने डोळे उघडले, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "अहो, बरं नाहीये का याला?"

तो चिडला होता. तुला प्रत्येक गोष्टीत आजारपण दिसतं, म्हणाला होता. तिने नजर चित्रावरून काढून त्याच्यावर ठेवल्याचं त्याला जाणवलं होतं, आणि तेव्हापासून गेले चार दिवस तिच्या साध्या प्रश्नांतही, भाजी काय करू, गॅसवाला येऊन गेला का, त्याला चौकशीचा वास येत होता.

आता त्याने चित्र बाजूला सारून त्याच्या आधीची आणि नंतरची चित्रं पाहायला सुरुवात केली. दोनशे चौदा होती. निवड करताना त्याने ती नापास म्हणून टाकून दिली होती, पण पुसली नव्हती. मान खाली जाते. मग झटक्याने वर येते, पेंगणाऱ्या माणसाची येते तशी. पुन्हा खाली जाते, या वेळी जरा जास्त. पुन्हा झटका. डोळ्यावर पापणी अर्धी. सात वाजून दोन मिनिटं ते सात एकतीस. एकोणतीस मिनिटं त्या पक्ष्याने आपली मान उचलून धरण्याचा प्रयत्न केला होता, आणि शेखरने त्यातला तो क्षण निवडला होता ज्यात प्रयत्न थांबला होता. उन्हातही गिधाडं मान टाकतात, त्याने स्वतःला सांगितलं. धापा टाकताना, अंग निववायला. हे पुस्तकांत आहे. ही पळवाट पाहून त्याला क्षणभर हायसं वाटलं. मग त्याला आठवलं की त्या सकाळी लपणीत त्याची बोटं बटणावर आखडत होती आणि श्वासाची वाफ भिंगावर बसू नये म्हणून त्याने तोंडाला मफलर बांधला होता.

आणि मग, काही कारण नसताना, त्याला खिडकी आठवली. द्वारका चौकाजवळच्या त्या दवाखान्यातली पूर्वेकडची खिडकी, तिच्याजवळची निळ्या रेक्झिनची खुर्ची, आणि सकाळच्या पाळीला डायलिसिसच्या मशीनला जोडून बसवलेले दादा. शेखरचे वडील याच वसाहतीत तीस वर्षं टर्नर होते. लेथपुढे उभं राहून गुडघे गेले तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता दुखण्याच्या गोळ्या सुरू केल्या. डब्याच्या पिशवीत भाकरीबरोबर गोळ्यांची पट्टी. सहा-सात वर्षं. गोळी घेतली की पाळी निघते, म्हणायचे. मूत्रपिंडं गेली तेव्हा डॉक्टरांनी तो डबा, ती पट्टी, ते गुडघे, सगळं एका वाक्यात बसवलं होतं. आठवड्यातून दोनदा शेखर त्यांना घेऊन जायचा आणि समोरच्या बाकावर बसायचा. त्यांच्या पांढऱ्या केसांतून मागचा उजेड आरपार यायचा. मान हळूहळू छातीवर यायची, झटक्याने वर जायची, पुन्हा यायची. किती शांत दिसतात, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. जन्मभर ताठ मानेने वागलेला, चिडका माणूस शेवटी कसा नम्र झाला. त्याने तेव्हाही मनातल्या मनात चौकट धरली होती, डावीकडे खिडकी, उजवीकडे काळोख. फक्त हातात कॅमेरा नव्हता. ते वारले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शेखरने कॅमेरा घेतला होता. आणि त्याच हिवाळ्यात अंजनेरीवर त्याला ते पहिलं गिधाड दिसलं होतं. म्हणजे अकरा वर्षं तो जे शोधत होता ते त्याने आधीच पाहिलेलं होतं. त्याचं नाव मात्र दोन्ही वेळा त्याने चुकीचं वाचलं होतं.

त्याने गोटीरामला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. तीच बाई, तोच निर्विकार आवाज. टेकडी उतरून गेला असणार तो. उद्या उजाडताना टाकू. 'तुटतोय आवाज' याचा अर्थ पाड्यावर काय झाला असेल? नाही म्हणाला नाही, म्हणजे हो. गरीब माणसं मौनाचा अर्थ नेहमी समोरच्याच्या सोयीने लावतात, असं त्याला वाटलं, आणि लगेच त्या वाक्याच्या गुळगुळीतपणाचाही संशय आला.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी आला. योगिनी शाळेतून नुकतीच आली होती, पायातली चप्पल अजून निघाली नव्हती.

"लवकर कसे?"

"सुरगाण्याला जाऊन येतो. काम आहे."

"आत्ता? जेवलात?"

"वाटेत खाईन."

तिने भिंतीला टेकवून ठेवलेल्या प्रिंटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मेलं का ते?" तिने विचारलं.

"कोण मेलं?" तो इतक्या जोरात म्हणाला की दोघंही दचकली. तिने पाण्याची बाटली भरून बॅगेजवळ ठेवली. बस्स. बाजूच्या कप्प्यात हात घातल्यावर बिल्ला गार लागला. चिठोराही होता. इथूनच डॉक्टरबाईंना फोन करता आला असता. दहा आकडे दाबायचे, बारा आकडे वाचायचे, संपलं. त्याने तसं केलं नाही. समोर जाऊन सांगणं बरं, असं त्याने स्वतःला बजावलं. बॅग त्याने घेतली कारण बिल्ला तिच्यात होता. मग गाडीत बॅग ठेवताना तिचं वजन खांद्याला ओळखीचं लागलं, आणि त्याच्या ध्यानात आलं की बिल्ला खिशातही मावला असता. उजेड साडेपाचपर्यंत असतो, हे त्याच्या मनाने त्याला न विचारताच मोजून ठेवलं होतं.

दिंडोरी मागे पडली. थंडीने कडक झालेल्या द्राक्षबागांत घडांना कागद गुंडाळून ठेवले होते. रांगेने टांगलेले ते पांढरे कागद त्याला एकेका गोष्टीवर घातलेल्या पांघरुणासारखे दिसले. मग बागा संपल्या, रस्ता अरुंद झाला, कापून झालेल्या भाताची खाचरं आली, टपावर माणसं बसवलेल्या जीपा समोरून आल्या आणि कडेची धूळ उडवून गेल्या. त्याने विचार केला: मी का चाललो आहे? थांबवायला. मग बॅग? बॅगेचं काय, ती नेहमीच असते. आणि समजा पोचेपर्यंत त्यांनी टाकलेलाच असला, समजा थवा उतरलेलाच असला, तर? तर आधी काय करशील, शेखर? धावत जाऊन उडवशील की आधी गुडघा टेकशील? उत्तर त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसण्याची ती जागा दाताखालच्या खड्यासारखी पुन्हा पुन्हा जिभेला लागत राहिली. गोटीरामवर संशय घेणं किती सोपं होतं. त्यात एक ऊब होती. बैल त्यांनी मारला, मारला नसेल तर मरू दिला, मरू दिला नसेल तर माझ्यासाठी सुट्टीच्या दिवशी मरेल असं पाहिलं. कसंही करून या गोष्टीच्या सुरुवातीला दुसऱ्या कुणाचा तरी हात असायला हवा होता. पण पक्कड त्याच्या खिशातली होती.

आवळीपाड्याला पोचला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. गाडी शाळेपाशी लावून तो टेकडी चढू लागला. बॅग खांद्यावर होती. वर आकाशात त्याने पाहिलं: चार गिधाडं, फार उंच. चौथ्यानंतर तो मोजत राहिला, पण पाचवं नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर आधी त्याला दगडांचा एक लांबट ढीग दिसला, त्यावर करवंदीच्या काटेरी फांद्या दाबून टाकलेल्या, आणि ढिगाशेजारी उकिडवा बसलेला गोटीराम. त्याच्यापलीकडे पटका सोडून गुडघ्यात डोकं घातलेला एक म्हातारा. तो मंगळू असणार. दगडांच्या फटीतून एक शिंग बाहेर आलं होतं, आणि त्याच्या मुळाशी एक पिवळा चौकोन.

"आलात?" गोटीराम म्हणाला. तो उठला नाही.

"टाकू नकोस हे सांगायला..." शेखरला धाप लागली होती.

"टाकला कुठं? झाकला. सकाळी फोन झाल्यावर लगेच झाकला. चौघं लागलो दगडं वाहायला."

"पण तू तर म्हणालास, उद्या..."

"म्हणालो. विचारलं तुम्हाला. तुम्ही म्हणाला, आवाज तुटतोय." गोटीरामने काडीने जमिनीवर एक रेघ ओढली. "साहेब, रेंज आमच्याकडं जाते. सातपूरला नाय जात."

बावीस वर्षं जो दुसऱ्यांच्या मालात खोट शोधत होता, त्याला या माणसाने एका वाक्यात उचलून कोणत्या चिठ्ठीत टाकलं होतं हे त्याला दिसत होतं. आणि त्यात राग नव्हता, हेच सहन होण्यासारखं नव्हतं.

"मी सांगायचं राहून गेलं," तो म्हणाला.

"व्हय. तीन दिवस वाट बघितली. म्हणलं, बाईंनी 'चालंल' म्हणलं आसंल, म्हून साहेब गप हायत. मग कालपासनं खडकाखाली वास येतोय, म्हून आज विचारून बघितलं." त्याने मान वळवून खालच्या कड्याकडे हनुवटीने खूण केली. "या, दाखवतो."

मंगळूने गुडघ्यातून डोकं वर केलं. "मी इचारून घेतली सुई," तो कुणाकडेही न पाहता म्हणाला. "दुकानदाराला म्हणलं, बैलाला हाय. त्यो म्हणला, दुखणं दुखणंच आस्तंय, कुणाचंबी. रात्रभर वरडत होता. पाय टेकवंना. मी काय करायचं हुतं?" आणि पुन्हा त्याने डोकं खाली घातलं. शेखरला त्याच्याजवळ बसावंसं वाटलं. दादांचं सांगावंसं वाटलं. माझ्याही घरी, असं काहीतरी. वाक्य तिथेच राहिलं.

खडकाखाली, कारवीच्या वाळक्या काड्यांत, तीन गिधाडं होती. दोन एकमेकांवर पडलेली, पंख अर्धे उघडे, जणू कुणीतरी घाईघाईत टाकलेल्या छत्र्या. तिसरं जरा बाजूला, बसल्या बसल्याच मेलेलं. खडकाला टेकून, मान छातीपर्यंत खाली. मानेभोवतीच्या वळ्यातलं एक पीस डाव्या बाजूला मोडलेलं होतं. ते मोडलेलं पीस शेखरला ठाऊक होतं; प्रिंट काढण्याआधी संगणकावर बसून त्याने अर्धा तास घालवून ते सरळ केलं होतं. मागून ऊन येत होतं. वळ्यातून उजेड अजूनही आरपार जात होता, रविवारी गेला तितकाच सुंदर, आणि त्याचा उजवा हात बॅगेच्या चेनकडे गेल्याचं त्याच्या आधी गोटीरामने पाहिलं. हात बाजूच्या कप्प्यात शिरला आणि बिल्ला घेऊन बाहेर आला.

रेंजचा दगड माथ्याच्या उत्तर टोकाला होता. लोकांच्या टाचांनी त्याचा वरचा भाग गुळगुळीत झाला होता. शेखर त्यावर चढून उभा राहिला. चिठोऱ्यावरचा नंबर लावला. डॉक्टरबाईंनी तिसऱ्या घंटीला उचलला. त्याने आपलं नाव सांगितलं, पाड्याचं सांगितलं, मंगळूचं, सुईचं, दगडाखाली झाकलेल्या दुसऱ्या बैलाचं. मग पहिल्या बैलाचा नंबर वाचला, बारा आकडे, चार-चारचे गट करून, एकेका गटानंतर थांबत, खोलीत भाग वाचतो तसा. त्यांनी तो पुन्हा वाचून घेतला.

"शनिवारी टाकला म्हणता. आणि आज गुरुवार." कागदाचा आवाज आला. "बिल्ला कानातच होता ना तेव्हा? मग मला फोन कसा नाही आला?"

"बिल्ला काढला होता."

"कोणी?"

खाली कड्याच्या कडेवर चारांपैकी एक गिधाड येऊन बसलं होतं. इतक्या लांबून त्याची मान वर आहे की खाली हे त्याला ओळखता येत नव्हतं. दुर्बीण बॅगेत होती. त्याने काढली नाही.

"मी काढला," तो म्हणाला. "फोटोत येत होता म्हणून."

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. आवाज तुटला असावा, अशी त्याला क्षणभर आशा वाटली. पण दगडावर रेंज पूर्ण होती.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा कोरडा, कामाचा झाला. "मेलेल्यांना हात लावू नका. वनखात्याला घेऊन मी सकाळी येते. आता एक सांगा, मरायच्या आधी त्यांच्यातलं एखादं कुणी जवळून पाहिलंय? मान टाकत होतं का, पेंगत होतं का? पाहिलं असेल तर मला फार उपयोग होईल. एखादा फोटो वगैरे आहे का?"

"आहे," शेखर म्हणाला. "दोनशे चौदा आहेत. सगळे शार्प आहेत."